रस्त्यावरचं मीठ आणि गाडीचा गंज: पहिला बर्फ पडायच्या आत काय करायचं?

देवगडचा_पोर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी टोरांटोजवळ मिसिसागात राहतो, कॅनडातला हा माझा आठवा हिवाळा.

परवा विंटर टायर लावायला गाडी नेली होती. मेकॅनिकनं ती होइस्टवर (गाडी वर उचलणाऱ्या यंत्रावर) चढवली आणि मला आत बोलावलं. दाराखाली जो लांब, आडवा, पोकळ पत्रा असतो त्याला इथे रॉकर पॅनेल म्हणतात. त्यावर तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत पुढून मागे गेला. पुढे आवाज खणखणीत येत होता. मागच्या चाकाजवळ जाता जाता तो बद्द होत गेला. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि टोक नुसतं टेकवून दाबलं. ते आत गेलं. बाहेर काढलं तसे आतून ओले, तपकिरी पापुद्रे पडले, थरावर थर, खारी बिस्किटासारखे. मूठभर तरी असतील. बाहेरचा रंग मात्र शाबूत होता, त्या जागी फक्त एक बोटभर फुगवटा होता. मी तो उन्हाळाभर बघत होतो आणि खडा लागला असेल म्हणून सोडून देत होतो.

पोटात गोळा आला. आदल्याच दिवशी मुलगी मागच्या सीटवर बसून शाळेत गेली होती.

मला जास्त लागलं ते वेगळ्या कारणानं. मी समुद्रकाठी वाढलोय. खारं वारं लोखंड कसं खातं ते आमच्या घराच्या खिडक्यांच्या गजांवर, दाराच्या बिजागऱ्यांवर बघतच मोठा झालो. बाबा दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, जीपखाली पोतं अंथरून झोपायचे आणि ब्रशनं ऑइल लावायचे. मी टॉर्च धरायचो. तोच मी इथे आल्यावर असं धरून चाललो की नवी गाडी आहे, कंपनीनं काय ते करून दिलं असेल. दर पंधरा दिवसांनी कार वॉशला जायचो. वरून चकचकीत.

आता गाडी ९ वर्षांची आहे, इंजिन उत्तम आहे, अजून ५-६ वर्षं चालवायची आहे. मेकॅनिक म्हणतो, सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करता येईल. पण त्यानंतर काय? काळं अंडरकोटिंग मारावं, की दरवर्षी तेलाचा फवारा? धुणं किती वेळा? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माझ्यासारखे इथे बरेच जण असतील.

---

होइस्टखालचा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

देवगडकर, वाईट वाटलं वाचून. मी ब्रॅम्प्टनमध्ये १६ वर्षं गॅरेजमध्ये काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही जे पाहिलंत तो गंज आतून बाहेर आलाय. बाहेरून आत गेलेला नाही. रॉकर पॅनेल, दारांचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीच्या झाकणाची खालची घडी, हे सगळे पोकळ डबे आहेत. पाणी निथळावं म्हणून त्यांना तळाशी भोकं ठेवलेली असतात. रस्त्यावरचं खारं पाणी चाकांमुळे उडून आत जातं, बरोबर बारीक वाळू जाते. वाळूनं भोकं बुजतात आणि खारा चिखल आत बसून राहतो. एप्रिलमध्ये तुम्ही गाडी धुऊन पुसून ठेवता तेव्हाही तो आत ओलाच असतो. बाहेर फुगवटा दिसला की समजायचं, आतला पत्रा बराचसा गेला.

दुसरी गोष्ट काळ्या कोटिंगची. डांबरासारखं जे जाड काळं कोटिंग मारतात ते नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर बसलं तर काही वर्षं काम करतं. पण ते वाळतं, थंडीत कडक होतं, खडे लागून त्याला चिरा पडतात. चिरेतून खारं पाणी आत शिरतं आणि कोटिंगच्या मागे अडकतं. मग पत्रा सडतो आणि वरून सगळं काळं, छान दिसतं. असे तुकडे मी हातानं ओढून काढलेत, कोटिंगबरोबर पत्रा निघून आलाय. तुमच्या गाडीसारख्या, जिथे गंज आधीच सुरू झालाय, तिथे हे मुळीच मारू नका.

तेल वाळत नाही, हाच त्याचा गुण. पातळ तेल घड्यांमध्ये, स्पॉट वेल्डच्या फटींमध्ये सरपटत जातं, असलेल्या गंजातही मुरतं आणि तिथलं पाणी बाजूला सारतं. क्राउन, रस्ट चेक ही इथली माहितीतली नावं आहेत. फ्लुइड फिल्म लॅनोलिनचं असतं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा स्निग्ध पदार्थ. ते जरा घट्ट राहतं, त्यामुळे खालच्या उघड्या भागाला जास्त टिकतं. तेल धुऊन जातं म्हणून दरवर्षी मारावं लागतं. बाबा तुमचे जे करत होते तेच, फक्त ब्रशऐवजी नळी आणि दाब.

मारून घेताना एवढं बघा. गाडी पूर्ण कोरडी हवी. लांब लवचिक नळी रॉकरच्या आत, दारांच्या आत, बॉनेटच्या आणि डिकीच्या घड्यांत गेलीच पाहिजे. नुसतं खालून फवारून वीस मिनिटांत गाडी परत दिली तर अर्धं काम झालं. ब्रेकच्या डिस्कवर, सायलेन्सरवर, बेल्टवर तेल जाता कामा नये. काही पेट्रोलियम तेलांनी दारांची रबरं फुगतात, तर तेही विचारून घ्या. आणि वेल्डिंग आधी, तेल नंतर. तेल मारलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली तर आग लागते.

---

एडमंटनकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

उत्तम धागा. मी पाच वर्षं टोरांटोत होतो, आता एडमंटनला आहे. दोन्हीकडच्या गाड्या पाहिल्यात आणि फरक डोळ्यांत भरतो. इथे थंडी कितीतरी जास्त, पण पंधरा वर्षांच्या गाड्यांचे पत्रे टोरांटोतल्या आठ वर्षांच्या गाड्यांपेक्षा धड असतात.

कारण साधं आहे. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पाण्यात २३ टक्क्यांच्या आसपास मिसळलं की गोठणबिंदू उणे २१ पर्यंत खाली जातो. ही प्रयोगशाळेतली मर्यादा. रस्त्यावर उणे १० च्या खाली गेलं की ते इतकं सावकाश काम करतं की टाकून फारसा उपयोग नाही. आमच्याकडे उणे २५ नेहमीचं, त्यामुळे वाळू आणि खडीवर भर असतो. काचा फुटतात, पण पत्रा वाचतो. टोरांटो, मॉन्ट्रियल, बफेलो, डेट्रॉइट हा पट्टा शून्याच्या आगेमागे खेळत राहतो. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, म्हणजे दर दोन दिवसांनी मीठ.

एडमंटननंही २०१७ पासून काही हिवाळे कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण वापरून पाहिलं. लोकांनी गाड्या आणि काँक्रीट खराब होतंय म्हणून आवाज उठवला आणि २०१९ मध्ये नगरपरिषदेनं तो प्रयोग थांबवला.

हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड गाडीच्या दृष्टीनं वेगळंच प्रकरण आहे. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ पाणी ओढून ओलं होतं, आपल्या मिठाच्या बरणीत पावसाळ्यात होतं तसं. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडला ३०-३३ टक्के पुरतात. म्हणजे हवा आपल्याला कोरडी ठाक वाटते तेव्हाही गाडीखालचा तो थर ओलाच असतो. पत्रा चोवीस तास भिजत ठेवल्यासारखा.

---

देवगडचा_पोर | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

होइस्टखालचा, एडमंटनकर, मनापासून आभार.

२३ टक्क्यांचा आकडा वाचून थांबलो. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के असतं. म्हणजे बर्फ पडायच्या आदल्या दिवशी त्याच प्रमाणातलं मिठाचं पाणी फवारणारा टँकर रस्त्यावर जे ओले पट्टे ओढत जातो, ते देवगडच्या समुद्राच्या साडेसहा पट खारं! मी त्या पट्ट्यांवरून रोज सकाळी ताशी १०० नं जात होतो.

---

लीजवरचा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मला वाटतं जरा घाबरवणं होतंय. आजकालच्या गाड्यांचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो, वर इलेक्ट्रोकोट (विजेनं बसवलेला प्रायमरचा थर), वर रंग. छिद्र पडण्याची वॉरंटी असते. मी दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलतो, एकदाही तेल मारलं नाही, एकदाही गंज दिसला नाही. नियमित धुतलं की पुरे.

---

होइस्टखालचा | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

@लीजवरचा, तुमच्यापुरतं बरोबर आहे. तीन वर्षांत गाडी परत करणार असाल तर तेलाचा खर्च करायचा की नाही हा तुमचा हिशेब. पण ज्याला ती गाडी दहा वर्षं वापरायची आहे, त्याला हा सल्ला लागू नाही.

जस्ताचा थर खरंच उपयोगी आहे. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण झिजतं म्हणजे संपतं. पत्र्याच्या कापलेल्या कडा, वेल्डच्या जागा, खडे लागून उडालेल्या जागा इथून सुरुवात होते. वॉरंटी नीट वाचा: बहुतेक ठिकाणी पत्र्याला आतून बाहेर आरपार भोक पडलं तरच ती लागू होते. वर आलेला गंज, चॅसीवरचा गंज, ब्रेक लाइन, यातलं काही त्यात नसतं.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी असते ती ब्रेक लाइनचीच. पत्रा सडला तर गाडी कुरूप होते. ब्रेक फ्लुइडची स्टीलची नळी सडली तर जोरात ब्रेक दाबल्याक्षणी ती फुटते, नेमकी ज्या वेळी ब्रेक सगळ्यात जास्त हवा असतो तेव्हा. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं २०१५ मध्ये यावर इशारा काढला होता, की मिठाच्या राज्यांत ज्यांच्या गाड्या २००७ किंवा त्याआधीच्या आहेत त्यांनी ब्रेक लाइन तपासून घ्या आणि हिवाळ्यात गाडी खालून धुवा. जुनी लाइन बदलायची वेळ आली तर साध्या स्टीलऐवजी निकेल-कॉपरची मागा. ती गंजत नाही, वाकवायलाही सोपी, किमतीत फरक थोडा.

पिकअपवाल्यांनी चॅसी बघावी. टोयोटाच्या टकोमाच्या २००५ ते २०१० च्या गाड्यांच्या चॅसी इतक्या सडल्या की कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत मोठी तडजोड करून त्या तपासून बदलून द्यायचं मान्य करावं लागलं. इंजिन लाखो किलोमीटर चालणारं, आणि खाली चॅसीला भोकं.

---

हॅलिफॅक्सची_ताई | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आमच्याकडे दोन्ही आहे, समुद्राचं वारं आणि रस्त्यावरचं मीठ. चौदा वर्षांची गाडी अजून रोज हॉस्पिटलच्या ड्यूटीला नेते, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजते.

धुण्याबद्दल. तापमान शून्याच्या वर जाईल तो दिवस धरायचा. उणे १५ मध्ये धुतलं तर दारं गोठून बसतात आणि कुलपं अडकतात. खालून पाणी मारणारा पर्याय घ्यायचाच, नुसती वरची आंघोळ काही कामाची नाही. हाताच्या प्रेशरनं धुणारं ठिकाण असेल तर चाकांच्या कमानींच्या आतल्या ओठाला बोट लावून बघा. तिथे वाळूचा कट्टा साचलेला असतो, तो जाईपर्यंत पाणी मारा. मी पंधरा-वीस मिनिटं तिथेच घालवते.

एप्रिल संपता संपता, चांगला पाऊस येऊन रस्ते धुतले गेले की, बागेतला गोल फिरणारा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवते आणि अर्धा तास चालू ठेवते. पुढून, मधून, मागून. खाली ओघळणारं पाणी आधी गढूळ येतं, मग स्वच्छ.

दारांच्या तळाची भोकं प्लॅस्टिकच्या केबल टायनं साफ करते, तार वापरत नाही, रंग खरवडतो. विंडशील्डच्या खाली, वायपरच्या जाळीत मेपलची पानं कुजून पडतात, ती हातानं काढायची. तिथलं पाणी वाहून जायची वाट बंद झाली की ते केबिनमध्ये उतरतं.

आणि आतलं कोणी लिहिलं नाही. बुटांना लागून मीठ गाडीत येतं. बर्फ वितळतो, कार्पेट भिजतं, त्याखालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो आणि तळाचा पत्रा वरून सडतो. सीटखाली वायरचे जोड असतात तेही हिरवे पडतात. खोल कडांचे रबरी मॅट घ्या, आठवड्यातून एकदा बाहेर काढून ओता. माझ्या पहिल्या गाडीचं कार्पेट मी सहाव्या वर्षी उचललं तेव्हा खाली मिठाचे पांढरे थर होते, आपल्या मिठागराच्या वाफ्यासारखे.

---

गरम_गॅरेज | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

एक शंका. आमच्या कॉन्डोत तळघरात गरम पार्किंग आहे. गाडी बर्फात उभी राहत नाही, तर माझ्या गाडीला धोका कमी ना?

---

सळई | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

@गरम_गॅरेज, उलट आहे. गंज ही रासायनिक क्रिया, तापमान वाढलं की वेग वाढतो. उणे १५ मध्ये बाहेर उभ्या गाडीवरचा खारा बर्फ बऱ्याच अंशी गोठलेला असतो, तिथे गंज रांगत असतो. तुमच्या तळघरात १५ अंश असतात. तोच बर्फ वितळून खारं पाणी प्रत्येक फटीत उतरतं आणि रात्रभर उबेत राहतं. रोज संध्याकाळी नवीन. तुम्हाला तर तेल सर्वांत जास्त गरजेचं. शक्य असेल तर आत शिरायच्या आधी चाकांच्या कमानीतले बर्फाचे गोळे पाडून टाका.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, गाड्यांतलं मला कळत नाही, पण क्लोराइड माझ्या रोजच्या कामात आहे. एक गोष्ट समजून घ्या: मीठ स्वतः लोखंड खात नाही. लोखंडाला खातात पाणी आणि ऑक्सिजन. मीठ दोन कामं करतं. पाण्यातून वीज सहज वाहू देतं, त्यामुळे गंजाची क्रिया धावायला लागते. आणि क्लोराइड पोलादावरचा संरक्षक पातळ थर फोडतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो आणि काँक्रीट फुटतं. टोरांटोच्या गार्डिनर एक्सप्रेसवेच्या खालून काँक्रीटचे तुकडे पडायचे, ते याचमुळे. वर मीठ, आत सळया गंजल्या, फुगल्या, बाहेरचं काँक्रीट ढकलून दिलं.

ऑन्टारिओतल्या एलियट लेक गावात २३ जून २०१२ रोजी अल्गो सेंटर मॉलच्या छताचा भाग कोसळला आणि दोन बायकांचा जीव गेला. छतावर पार्किंग होतं. गाड्यांबरोबर येणारं मिठाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहिलं आणि खालच्या पोलादी तुळईचा जोड गंजून तुटला. छत गळतंय हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या व्यवसायात ती घटना कोणी विसरत नाही. म्हणून कोणी म्हणालं की 'जरासा गंज आहे', की मी विचारतो, कुठे आहे? दाराच्या कडेवर असेल तर सावकाश बघू. सबफ्रेमवर (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या सांगाड्यावर), सस्पेन्शनच्या जोडावर, जॅक लावायच्या जागी असेल तर आज बघा.

---

नवीन_आलोय | ५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी सप्टेंबरमध्ये किचनरला आलोय, जुनी गाडी घ्यायची आहे. डीलर म्हणतो गंज थांबवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवून देतो, एकदाच पैसे, आयुष्यभर चिंता नाही. घ्यावं का? आणि जुनी गाडी बघताना काय तपासू?

---

सळई | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१०

यंत्र घेऊ नका. विजेनं गंज रोखता येतो हे खरं आहे. जहाजांचे सांगाडे, जमिनीखालच्या पाइपलाइन असेच सांभाळतात. पण त्यासाठी धातू पाण्यात किंवा ओल्या मातीत पूर्ण बुडालेला असावा लागतो, तरच विजेचं चक्र पूर्ण होतं. गाडी हवेत उभी असते, तिच्यावर ओलाव्याचे सुटे सुटे डाग असतात. एका डबीतून सगळ्या पत्र्याला संरक्षण मिळायला वाटच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९० च्या दशकातच अशा एका यंत्राच्या दाव्यांवर कारवाई केली होती.

---

होइस्टखालचा | ५ नोव्हेंबर, रात्री ११:००

@नवीन_आलोय, गाडी बघायला जाताना टॉर्च, जुनी चादर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन जा. चादर अंथरून खरंच खाली झोपा. चाकांच्या कमानी आणि रॉकरवर चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. विकायच्या आठवड्यात मारलेलं ताजं काळं कोटिंग दिसलं तर त्याखाली काय आहे ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका. जॅक लावायची जागा अंगठ्यानं दाबून बघा. ब्रेक लाइनवर खवले दिसतात का बघा. कारफॅक्सवर (गाडीचा जुना इतिहास देणारा रिपोर्ट) गाडी कुठल्या प्रांतात चालली ते कळतं, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याकडची असेल तर बहुधा खालून बरी असते. आणि शंभर-दीडशे डॉलर गेले तरी चालतील, पण आपल्या माणसाच्या होइस्टवर चढवून मगच सौदा करा. नवीन आलेल्या मुलांनी साठवलेल्या पैशांत घेतलेल्या अशा सडक्या गाड्या माझ्यासमोर येतात तेव्हा काय सांगावं कळत नाही. सेफ्टीचा कागद (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) असला तरी स्वतः बघा.

---

विजेची_गाडी | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी दोन ओळी. पत्रा तोच, मीठ तेच, त्यामुळे तेल आपल्यालाही लागतं. फक्त मारणाऱ्याला आधी सांगा, नारिंगी रंगाच्या जाड केबल आणि त्यांचे जोड टाळून काम करायचं असतं. दुसरं, आपली गाडी वेग कमी करताना मोटरनंच थांबते, डिस्क ब्रेक फार कमी वापरले जातात, म्हणून त्या डिस्क मिठात गंजून बसतात. रिकामा रस्ता बघून आठवड्यातून एक-दोनदा दमदार ब्रेक मारा. दरवर्षी कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून साफ करून ग्रीस लावून घ्या. मी पहिली दोन वर्षं हे केलं नाही आणि मागच्या दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या.

---

रत्नागिरीहून | ६ नोव्हेंबर, रात्री ९:२५ (भारतातली वेळ)

वाचून राहवलं नाही. आमच्याकडे बर्फ नाही पण खारं वारं बाराही महिने. जेटीवर मासे नेणाऱ्या गाड्या बघा, बर्फाचं आणि मासळीचं खारं पाणी हौद्यातून सतत ठिबकतं, पाच वर्षांत मागचा पत्रा चाळणी. जुने ड्रायव्हर इंजिनचं काढलेलं काळं तेल खाली मारतात. देवगडचे बाबाही बहुधा तेच मारत असतील. तिकडेही चालेल का?

---

होइस्टखालचा | ६ नोव्हेंबर, दुपारी १:०० 

@रत्नागिरीहून, काका, काढलेलं तेल मारू नका, इथेही नको आणि तिथेही नको. त्यात इंजिनातलं आम्ल आणि धातूचा कीस उतरलेला असतो, कातडीला वाईट, आणि पावसात धुऊन थेट विहिरीत आणि खाडीत जातं. नवं साधं तेल किंवा लॅनोलिनचा स्प्रे वापरा. खर्च वाढेल, पण पाणी आपल्याच घरचं आहे.

तसं मिठाबद्दलही. कॅनडात वर्षाला साधारण ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली गोडरिचला ५०० मीटरहून खोल खाण आहे, तिथून ट्रक भरून येतं. वसंतात ते सगळं ओढ्यांत उतरतं. २००१ मध्ये इथल्या सरकारनंच ते पर्यावरणाला घातक ठरवलं, तरी अपघात टाळायला दुसरा इतका स्वस्त उपाय मिळालेला नाही. आपल्या ड्राइव्हवेवर तरी मुठी-मुठीनं टाका, पोती ओतू नका.

---

देवगडचा_पोर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांना कळवतो. ठरल्याप्रमाणे आधी वेल्डिंग झालं. दोन्ही बाजूंचा रॉकरचा मागचा भाग कापला आणि नवा पत्रा बसवून आतून-बाहेरून प्रायमर दिला. ड्रायव्हरच्या बाजूची ब्रेक लाइनही खवले धरलेली निघाली, ती निकेल-कॉपरची टाकली. एकूण ११०० डॉलर. गाडी अजून पाच वर्षं चालली तर मला जड नाही.

कापलेला तुकडा मागून घेतला. तो आत्ता टेबलावर समोर आहे. एका टोकाला पत्रा आहे तसा जाड, हातानं वाकत नाही. दुसऱ्या टोकाला तो पोस्टकार्डाएवढा पातळ, उजेडासमोर धरला की बारीक भोकांतून दिवा दिसतो. मधल्या जेमतेम वीतभर अंतरात आठ हिवाळे.

काल तेल मारलं. १७५ डॉलर, सव्वा तास लागला. मी सगळा वेळ शेजारी उभा होतो. दारांच्या तळाचे रबरी बूच काढल्यावर एका दारातून वाटीभर पाणी आणि वाळू पडली. नळी रॉकरच्या आत पार टोकापर्यंत गेली आणि दुसऱ्या भोकातून तेलाचा फवारा बाहेर आलेला दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला. ड्राइव्हवेवर जुने खोके अंथरलेत, अजून थेंब पडतायत.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांना गाडी खालून बघायची होती. मी फोन हातात धरून खाली झोपलो, मुलीनं टॉर्च धरला. बाबांनी मागच्या चाकाच्या कमानीपाशी दोनदा थांबवलं, 'तिकडे वरच्या घडीत दाखव' म्हणाले. तिथे तेल पोचलं नव्हतं. उद्या त्या जागेसाठी एक लॅनोलिनचा कॅन आणतोय. हवामानखात्यानं बुधवारी बर्फ सांगितलाय, टँकर मंगळवारीच निघेल.

---

होइस्टखालचा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

बाबांना माझा नमस्कार सांगा. ती घडी नेहमी राहते. कॅन मारायच्या आधी फडक्यानं पुसून हेअर ड्रायरनं पाच मिनिटं कोरडी करा, मग मारा. आणि पुढच्या वर्षीची वेळ सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवा, नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे रांग असते.